बोनेटवरचे नाव आणि आतला पार्ट



गळीत हंगाम तोंडावर आला की ट्रॅक्टर-ट्रॉलीची डागडुजी निघते. मग आपण बार्शीला किंवा सोलापूरला जातो आणि दुकानात सांगतो, "अमक्या ट्रॅक्टरची बेअरिंग द्या." ही मागणीच अर्धवट आहे. बोनेटवरच्या नावाने दुकान सापडते, पार्ट सापडेलच असे नाही.

जुन्या मंडळींना महिंद्राची डिझेल जीप आठवत असेल. तिच्यातले एम. डी. २३५० हे इंजिन मुळात इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या बी-२७५ ट्रॅक्टरच्या घराण्यातले. १९६३ साली महिंद्राने या कंपनीबरोबर भागीदारीत ट्रॅक्टरची कंपनी काढली, बी-२७५ आपल्याकडे तयार होऊ लागला आणि त्याच घराण्यातले इंजिन जीपमध्येही बसले. म्हणजे रानात नांगर ओढणारा आणि साहेबांना घेऊन बांधावर येणारी, दोघांचे काळीज एकच! तसेच फोर्डचे. एस्कॉर्ट्स कंपनी फरिदाबादला फोर्ड ३६०० बनवीत असे. पुढे फोर्डचे नाव गेले, फार्मट्रॅक आले. पण फार्मट्रॅक ६० चा सांगाडा त्या जुन्या फोर्डचाच. परदेशात तर हे सर्रास चालते. १९७२ साली फोर्डने अमेरिकेत 'कुरिअर' नावाचा पिकअप आणला, तो माझदाने बनविलेला होता. १९९४ पासून उलटे झाले. माझदाच्या नावाने तिथे विकला जाणारा पिकअप हा फोर्डचा रेंजर होता.

एवढे वाचून कुणी म्हणेल, मग सगळे सारखेच की! इथेच माणूस फसतो. २००५ साली टाफेने, म्हणजे मॅसी बनविणाऱ्या कंपनीने, आयशरचा ट्रॅक्टरचा धंदा घेतला. २००७ साली महिंद्राने पंजाब ट्रॅक्टर्स घेतली, तिच्याबरोबर स्वराजही आला. पण मालक एक झाला म्हणून गिअरबॉक्स एक होत नाही. स्वराजची इंजिने बनविणारी कंपनी मुळात किर्लोस्करच्या सहकार्याने उभी राहिलेली. त्या इंजिनाचे कूळ वेगळे, बी-२७५ चे वेगळे.

हे मी अनुभवाने सांगतो. काही वर्षांपूर्वी ऐन हंगामात एका सभासदाच्या ट्रॅक्टरची क्लच प्लेट गेली. हवी ती मिळेना. दुकानदार म्हणाला, "घर एकच आहे, बसेल." सभासदाने मला विचारले आणि मीही मान डोलावली. प्लेटचा व्यास बरोबर होता, पण मधल्या तोंडाचे दाते शाफ्टला जुळेनात. ट्रॅक्टर दोन भाग होऊन दोन दिवस पडला. भरलेल्या दोन ट्रॉल्या जागेवर वाळल्या, वजन घटले. ते नुकसान त्या सभासदाच्या बिलातून गेले, माझ्या पगारातून नाही. तेव्हापासून क्लच प्लेट घ्यायला जाताना जुनी प्लेट पिशवीत घालून न्यावी, असेच मी सांगतो. व्यास पाहावा, दाते मोजावेत, मधल्या तोंडाची उंची ताडून पाहावी.

बेअरिंगचे मात्र सोपे आहे. तिच्या कडेवर आकडा कोरलेला असतो. समजा ६२०५ आहे. शेवटचे दोन आकडे ०५, त्याला पाचने गुणा, २५ आले. आतले भोक २५ मिलिमीटरचे. बाहेरचा व्यास ५२ आणि रुंदी १५, मग बेअरिंग कोणत्याही चांगल्या कंपनीची असो. ६३०५ चे भोकही २५ चेच, पण बाहेरून ती ६२ ची, म्हणून ६२०५ च्या घरात ती शिरणार नाही. पाचने गुणण्याचा हा हिशेब ०४ पासून पुढे चालतो. ट्रॉलीच्या चाकातल्या ३०२०६ सारख्या टेपर बेअरिंगलाही चालतो. पुढे झेड झेड असेल तर पत्र्याचे झाकण, आर एस असेल तर रबराचे. ती अक्षरेसुद्धा उतरून घ्या. ऑइल सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी असे तीन आकडे असतात.

रोटाव्हेटर कोणत्याही ट्रॅक्टरला लागतो, त्याचे कारणही मापच. पी.टी.ओ.चा नेहमीचा शाफ्ट सहा दात्यांचा, सुमारे ३५ मिलिमीटरचा आणि ५४० फेऱ्यांचा. हे सगळ्या कंपन्यांनी मान्य केलेले आहे. डिझेल पंपाचे तसे नाही. दोन ट्रॅक्टरचे पंप एकाच कंपनीचे आणि दिसायला जुळे असले, तरी डिझेल किती आणि केव्हा सोडायचे हे ज्या त्या इंजिनाप्रमाणे बांधलेले असते. दुसऱ्याचा पंप बसवून पाहू नका, धूर काढील आणि डिझेल पिईल.

ट्रॉल्या उघडाल तेव्हा बेअरिंगचे आणि सीलचे आकडे वहीत लिहून ठेवा. आकडा झिजून गेला असेल तर जुना पार्ट पुसून गट ऑफिसला आणा. तिथे व्हर्निअर ठेवला आहे, मापून देऊ.