माणूस की यंत्र? : एका परीक्षेचा बोध

पिंगुळीच्या गुढीपूर वाडीत ठाकर समाजातील कलावंत कळसूत्री बाहुल्या नाचवितात. बाहुली कितीही सफाईने नाचली, तरी तिची सूत्रे माणसाच्या हाती आहेत, हे तेथील मुलांस ठाऊक असते. आंतरजालावर मात्र पलीकडे माणूस आहे की आज्ञेबरहुकूम चालणारी यंत्रप्रणाली, हे सहज उमगत नाही. ते ओळखण्यासाठी योजिलेल्या परीक्षेस ‘कॅप्चा’ म्हणतात.

संभाषणावरून माणूस व यंत्र यांतील भेद कळेल काय, हा प्रश्न इंग्रज गणिती ॲलन ट्युरिंग यांनी १९५० साली मांडला. त्यांच्या योजनेत परीक्षक मनुष्य होता. कॅप्चात परीक्षक यंत्रच असते. हे नाव लुईस फॉन आन, मॅन्युएल ब्लम व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली रूढ केले. यंत्रांकरवी क्षणार्धात हजारो खोटी खाती उघडली जाऊ नयेत अथवा तिकिटे बळकावली जाऊ नयेत, हा तिचा हेतू होय.

हेतू रास्त असला, तरी परीक्षा देणाऱ्यास ती अनेकदा जाचक वाटते. शाळेची माहिती भरणाऱ्या शिक्षकास वेडीवाकडी अक्षरे दोनतीनदा चुकली, की आपल्या माणूसपणावरच शंका घेतल्यासारखे वाटते. अंध व्यक्तीस तर चित्र दिसतच नाही. ध्वनीचा पर्याय नसेल, तर तिच्यापुढे दारच बंद होते. ‘वाहतुकीचे दिवे असलेले चौकोन निवडा’ असे सांगितल्यावर, ज्याने असे दिवे कधी पाहिलेच नाहीत त्याने काय करावे?

विशेष हे की, अत्यंत कठीण अशी वाकडी अक्षरेही यंत्र ९९.८ टक्के अचूक वाचू शकते, असे गूगल कंपनीने २०१४ साली जाहीर केले. जी परीक्षा यंत्र उत्तीर्ण होते आणि माणूस अनुत्तीर्ण होतो, ती माणुसकी मोजीत नाही. ती केवळ दृष्टी, सवय व परिचय मोजते.

हाच न्याय वर्गातील परीक्षेसही लागू आहे. माड, होडी आणि भातशेती जाणणाऱ्या बालकास अपरिचित वस्तूंवरून गणित घातले व ते चुकले, तर दोष बालकाचा की प्रश्नाचा, याचा शिक्षकांनी प्रथम विचार करावा. तसेच केवळ घोकून देता येणारे उत्तर यंत्रही देईल. मुलाची समज त्याच्या ‘का?’च्या उत्तरातून प्रकट होते.

स्वाध्याय : (१) आपल्या मागील प्रश्नपत्रिकेतील, मुलांच्या परिसराबाहेरील वस्तूंवर आधारलेले प्रश्न शोधावेत. (२) घोकून सुटणारा एक प्रश्न निवडून तो विचार करावयास लावील असा पुन्हा लिहावा. (३) दृष्टिदोष असलेल्या विद्यार्थ्यास तोच प्रश्न कसा विचारता येईल, ते ठरवावे.