‘अनुसरणे’ : अर्थ आणि प्रयोग

‘त्याने तो मार्ग अनुसरला’ आणि ‘तो अनुसरला’ या दोन वाक्यांत क्रियापद एकच आहे. अर्थांत मात्र घर सोडण्याइतके अंतर आहे. लीळाचरित्र वा स्मृतिस्थळ प्रथमच हाती घेणारा वाचक बहुधा येथे चुकतो, आणि चुकल्याचे त्याच्या ध्यानीही येत नाही.

व्युत्पत्ती सरळ आहे. ‘अनु’ म्हणजे मागोमाग, ‘सृ’ म्हणजे जाणे. आजच्या व्यवहारात मत, पद्धत, धोरण अनुसरले जाते. ‘नियमाला अनुसरून’ हेही रूप रूढ आहे. या प्रयोगांत अनुसरणारा आपल्या जागी राहू शकतो. म्हाइंभटांच्या गद्यातील अनुसरणारा जागी राहत नाही. तो घरदार, गोत टाकून श्रीचक्रधरांच्या सन्निधानी जातो. स्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर नागदेवाचार्यांपाशी येऊन संन्यास घेणे, यालाही हाच शब्द राहिला. सन्निधान गेले, तरी शब्दातील त्याग उणावला नाही.

व्याकरणही याला साक्ष देते. पहिल्या वाक्यात कर्ता तृतीयान्त असून क्रियापद कर्माप्रमाणे चालते. ‘मार्ग’ काढून ‘पद्धत’ घातली की ‘अनुसरली’ होते. सांप्रदायिक प्रयोगात कर्ता प्रथमान्त असतो आणि क्रियापद त्याच्याप्रमाणे बदलते : ‘तो अनुसरला’, ‘ती अनुसरली’, ‘दोघे अनुसरले’, जसे ‘तो निघाला’, ‘ती गेली’. ‘परमेश्वराला अनुसरला’ यातील ‘परमेश्वराला’ हे पद जावयाचे ठिकाण दाखविते. यामुळे ‘त्याने अनुसरले’ हे वाक्य पोथीच्या अर्थी चालणार नाही.

खरी अडचण वासनिकांच्या लेखनात येते. घरी राहून स्मरण करणारा, नेमाने निरूपण ऐकणारा भाविक सहज लिहून जातो, ‘मी बालपणापासून अनुसरलो आहे.’ यात भाव निर्मळ असतो. पण वाक्य न केलेल्या संन्यासाचा दावा करते. त्याने ‘मी उपदेशी आहे’ असे लिहावे. वासनिक हे पद काही हलके नव्हे, की ते झाकावे! उलटपक्षी, स्मृतिस्थळात कोणी ‘अनुसरले’ असे आले असता ‘शिष्य झाले’ एवढाच अर्थ केला, तर त्या व्यक्तीने मागे काय सोडले ते सारे नाहीसे होते.

‘अनुसरल्यावर तो अटनास निघाला’ हे वाक्य योग्य. ‘अनुसरल्यावर तो वडिलांचे दुकान सांभाळू लागला’ यात व्याकरणाचा दोष नाही, पण उत्तरार्ध पूर्वार्धाला खोडतो.