पूर सांगून येतो

30 सप्टेंबर 1993 ची पहाट आपल्या भागातला माणूस विसरणार नाही. किल्लारीचा भूकंप सांगून आला नव्हता. पुराचे तसे नाही. पूर आधी सांगतो. फक्त ते कोणी तरी ऐकावे लागते, आणि ऐकणाऱ्याने पुढच्याला सांगावे लागते.

2020 सालचेच पाहा. ऑक्टोबरात बंगालच्या उपसागरातून एक मोठा पाऊस निघाला. 13 तारखेला तो आंध्रात काकिनाड्याजवळ जमिनीवर चढला. त्याच रात्री त्याने हैदराबादेत हाहाकार केला. 14 तारखेला तो सोलापूर आणि आपल्या धाराशिव जिल्ह्यावर कोसळला. म्हणजे स्वारी हैदराबादच्या हमरस्त्यानेच इकडे आली म्हणा ना! वेधशाळेला ती येताना दिसत होती. तरी काढून ठेवलेले सोयाबीन पाण्यात गेले.

असे का होते? इशारा येतो तो असा : "जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मुसळधार ते अतिमुसळधार पावसाची शक्यता." यात खोटे काही नाही. पण तुरळक ठिकाण म्हणजे आपलं गाव की शेजारचं? ओढा किती वाजता चढणार? गुरं बांधून ठेवायची की सोडायची? यातलं काहीच त्यात नसतं. माणूस वाचतो आणि झोपी जातो.

धरणाचा इशारा तर याहून अवघड. "10 हजार क्युसेक विसर्ग सुरू." 1 क्युसेक म्हणजे दर सेकंदाला सुमारे 28 लिटर पाणी. मग 10 हजार क्युसेक म्हणजे काय झाले? 10 हजार लिटरचे 28 टँकर एका सेकंदात ओतले, पुढच्या सेकंदाला आणखी 28, आणि असे थांबायचेच नाही. उन्हाळ्यात एका टँकरसाठी घागरींची रांग लावणाऱ्या आपल्याला हे टँकरात सांगितले तर लगेच कळते. त्याहून बरे म्हणजे, "खालचा पूल बुडेल" असे सरळ सांगावे.

आपल्या मुरुमजवळची बेन्नीतुरा घ्या, नाहीतर तिला मिळणारे ओढे घ्या. उन्हाळ्यात पात्रात घोटाभर पाणी नसते. पण 1 एकरावर 100 मिलिमीटर पाऊस पडला की 4 लाख लिटर पाणी होते. असे शेकडो एकरांचे पाणी एका ओढ्यात उतरते. इकडे ऊन असले तरी वरून लोंढा येतो. म्हणून आमच्या मते सगळ्यांत चांगली वेधशाळा म्हणजे वरच्या अंगाचे गाव. तिथे पाणी पुलाच्या खांबावरच्या खुणेला लागले, की त्यांनी खालच्या गावाला फोन करावा. एकाला नव्हे, तिघांना करावा. एकाचा फोन बंद असतो, एक झोपलेला असतो. पावसात वीज जाते, टॉवरही बंद पडतो. तेव्हा देवळाचा भोंगा बॅटरीवर चालला पाहिजे आणि हलगी कोरडी राहिली पाहिजे.

आज ज्याला बांगलादेश म्हणतात तिथे 1970 साली चक्रीवादळात तीन लाखांवर माणसे मेली. पुढे त्यांनी निवारे बांधले. गावोगाव स्वयंसेवक नेमले. ते निशाण लावतात, भोंगा घेऊन दारोदार जातात. 2007 साली पुन्हा जबर वादळ आले. तेव्हा साडेतीन हजारांच्या आसपास माणसे गेली. तीही थोडी नव्हेत, पण फरक पाहा.

पुलाचा इशारा वेगळा. 28 सप्टेंबर 2021 ला यवतमाळ जिल्ह्यात, उमरखेडजवळ दहागावच्या पुलावरून पाणी वाहत होते. नांदेडहून नागपूरला निघालेली एसटी त्यात घातली गेली आणि वाहून गेली. माणसे दगावली. अर्धा फूट वेगाचे पाणी धडधाकट माणसाला पाडते. 1 फूट पाणी लहान मोटार ओढून नेते, 2 फुटांत जीपही टिकत नाही. "धोका" एवढीच पाटी पुरत नाही. पुलाच्या कडेच्या खांबांवर फूट-फूट पट्टे रंगवावेत. खालचा तांबडा पट्टा बुडाला की पलीकडे जाणे बंद!

आता ही दवंडी मोठ्याने वाचा :

"ऐका हो ऐका! वरच्या अंगाला मोठा पाऊस झालाय. तासाभरात ओढा पुलावर येईल. ओढ्याकाठच्या घरांनी म्हातारी माणसं, लेकरं घेऊन शाळेत जावं. गुरांची दावी सोडा. पुलावरून कोणी जाऊ नका हो!"

कुठे, कधी, कोणी, काय करायचे, सगळे आले. "शक्यता" हा शब्द आला नाही. पाणी उतरल्यावर "उतरलं" अशीही दवंडी द्यावी. एखाद्या वेळी पूर येणार नाही, लोक हसतील. दवंडी देणाऱ्याला त्या दिवशी कोणी टोचून बोलू नये, नाहीतर पुढच्या वेळी तो गप्प बसेल.

ही दवंडी वहीत उतरवा. "ओढा" या शब्दाच्या जागी तुमच्या ओढ्याचे नाव घाला. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक 1077 आहे. तो दाराजवळच्या भिंतीवर खडूने लिहा. आकडे मोठे काढा, रात्री बॅटरीच्या उजेडात दिसले पाहिजेत.