हुरडा महोत्सवाचे वेळापत्रक आणि खोडमाशी

मार्गशीर्ष-पौषातील थंडी पडली आणि रब्बी ज्वारीची कणसे भरू लागली की सोलापूर, अहिल्यानगर, पुणे, बीड या भागांत शेताच्या कडेला आगटी पेटते. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेले कणीस तळहातावर चोळून काढलेला गरम हुरडा, सोबत शेंगदाण्याची किंवा तिळाची चटणी, गूळ, दही आणि शेवटी ताक किंवा उसाचा रस, हा बेत पूर्वी आप्तेष्टांपुरता असे. आता कृषी पर्यटन केंद्रांवर त्याचे महोत्सव भरतात आणि धान्य म्हणून विकल्या जाणाऱ्या ज्वारीच्या तुलनेत हुरड्याला चांगला दर मिळतो. ही चव महाराष्ट्रापुरती नाही. सुरतेत ज्वारीचा ‘पोंक’ शेव व लिंबू-मिरीसोबत खाल्ला जातो, तर उत्तर कर्नाटकात हाच पदार्थ ‘सीतनी’ म्हणून ओळखला जातो. त्यामुळे पुढील विवेचन या तिन्ही राज्यांतील विस्तार कार्यकर्त्यांना लागू पडावे.

महोत्सवाची अडचण दाण्याच्या स्वभावात आहे. दुधाळ अवस्था संपून दाणा पक्व होण्यापूर्वी, म्हणजे वाण व हवामानानुसार पेरणीनंतर साधारण ९० ते १०० दिवसांनी, ज्वारी हुरड्यात येते. या वेळी दाण्यात साखर असते आणि तो दाबला तर सहज चेपतो. पुढे साखरेचे पिष्टात रूपांतर होते व दाणा निबर होतो. एका पट्ट्यातील हुरडा जेमतेम आठवडाभर चांगला राहतो. पाहुणे मात्र डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत येत राहतात. म्हणून आयोजक आठ-दहा दिवसांच्या अंतराने चार-पाच पट्टे पेरतात. व्यवसायाच्या दृष्टीने हा विचार बिनचूक वाटतो. कीटकशास्त्राच्या दृष्टीने मात्र खोडमाशीला याहून सोयीची व्यवस्था करून देणे कठीण आहे.

खोडमाशीची मादी रोपाच्या पानाखाली, मध्यशिरेला समांतर, एकेक पांढरे लांबट अंडे घालते. एक-दोन दिवसांत बाहेर पडलेली अळी पोंग्यात उतरते आणि वाढीचा कोंब कापते. मधले पान सुकते, ओढताच हातात येते आणि त्याच्या बुडाला कुजका वास येतो. हीच पोंगेमर होय. रोपाला धोका असतो तो उगवणीपासून सुमारे चार आठवड्यांपर्यंत. त्यानंतर खोड टणक होत जाते आणि माशीचा उपद्रव उरत नाही. अंड्यापासून नवी माशी तयार होण्यास साधारण १७ ते २१ दिवस लागतात, आणि नेमका हाच आकडा महोत्सवाच्या वेळापत्रकाला छेद देतो.

हिशेब मांडून पाहावा. पहिला पट्टा १५ सप्टेंबरला, दुसरा २५ सप्टेंबरला आणि तिसरा ५ ऑक्टोबरला पेरला. पहिल्या पट्ट्यातील आठवडाभराच्या रोपांवर २२ ते २५ सप्टेंबरच्या सुमारास अंडी पडली, तर त्या पिढीच्या माश्या ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात उडू लागतात. तेव्हा तिसरा पट्टा सात-दहा दिवसांचा, म्हणजे सर्वांत नाजूक वयाचा असतो. चौथ्या-पाचव्या पट्ट्याच्या वाट्याला याहून मोठी संख्या येते. ‘सुरुवातीची ज्वारी चांगली उगवली, शेवटची बियाण्यामुळे बिघडली’ ही महोत्सवी शेतांवरील नेहमीची तक्रार. अशा वेळी बियाण्याला दोष देण्यापूर्वी सुकलेला पोंगा ओढून पाहणे शहाणपणाचे. रब्बी ज्वारीची पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात आणि परिसरात शक्यतो एकाच वेळी करावी, या शिफारशीमागेही हेच कारण आहे.

मग हुरडा लांबवायचा कसा? पेरणीच्या तारखा पसरवण्याऐवजी वाण आणि जमीन यांतील फरकाचा उपयोग करून घ्यावा. हुरड्यासाठी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे फुले उत्तरा व फुले मधुर हे वाण आहेत आणि गूळभेंडी, सुरती यांसारखे स्थानिक वाणही लोकप्रिय आहेत. हुरड्यात येण्याचे दिवस प्रत्येक वाणाचे वेगळे असतात. शिवाय हलक्या जमिनीत ओल लवकर सरते व पीक लवकर तयार होते, भारी जमिनीत ते रेंगाळते. दोन वाण, दोन प्रकारच्या जमिनी आणि आठवडाभरात उरकलेली पेरणी एवढ्यावर सुमारे तीन आठवड्यांचा महोत्सव निभावता येतो. तो पाच आठवडे चालवण्याचा हट्ट धरण्यापेक्षा तीन आठवडे भरगच्च चालवणे अधिक किफायतशीर ठरेल. आपल्या शेतावर कोणता वाण किती दिवसांनी हुरड्यात आला, याची नोंद एक-दोन हंगाम ठेवली की हे नियोजन अंदाजावर राहत नाही.

उशिराचा पट्टा टाळता येत नसेल, तर त्याला बीजप्रक्रियेशिवाय पेरू नये. थायामेथोक्झाम ३० टक्के एफएस १० मि.लि. प्रति किलो बियाणे हे प्रमाण प्रचलित आहे. वापरापूर्वी लेबल वाचावे. हा पट्टा आधीच्या पट्ट्यांना लागून नसावा. बियाणे थोडे अधिक वापरावे आणि विरळणी उशिरा करून पोंगेमर झालेली रोपे त्या वेळी उपटावीत. दहा टक्के रोपांत पोंगेमर दिसली की आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असे मानतात. उपटलेली रोपे शेतातच टाकली तर अळी आपले जीवनचक्र पूर्ण करते, म्हणून ती खोल पुरावीत. ती गुरांपुढे टाकणे धोक्याचे आहे, कारण कोवळ्या ज्वारीत धुरिन हा घटक भरपूर असतो व त्यापासून जनावराच्या पोटात हायड्रोसायनिक आम्ल तयार होते. माशांच्या भुकटीचे सापळे खोडमाशीचा अंदाज घेण्यास उपयोगी आहेत. फक्त ते पंगतीपासून दूर टांगावेत.

पोटरीनंतरची फवारणी

नोव्हेंबर-डिसेंबरच्या कोरड्या थंडीत मावा वाढतो, पानांवर चिकटा पडतो, त्यावर काळी बुरशी चढते आणि पाहुणे येण्यापूर्वी पीक ‘स्वच्छ’ करण्याचा मोह होतो. येथे एक गैरसमज वारंवार आढळतो. लेबलवर शेवटची फवारणी आणि काढणी यांमधील प्रतीक्षा काळ दिलेला असतो. शेतकरी तो पक्व धान्याच्या काढणीपासून मागे मोजतो. हुरड्याची काढणी मात्र त्यापूर्वी तीन-चार आठवडे होते. म्हणजे कागदावर पाळलेला प्रतीक्षा काळ प्रत्यक्षात पाळलेलाच नसतो. हुरडा धुतला जात नाही, दळला जात नाही. निखाऱ्यांवरील काही मिनिटांच्या भाजण्याने अंश नाहीसे होतील असे गृहीत धरता येत नाही. आणि खाणाऱ्यांत लहान मुले असतात.

म्हणून हुरड्याच्या पट्ट्यात कणीस बाहेर पडल्यानंतर रासायनिक फवारणी करूच नये, असा दंडक विस्तार कार्यकर्त्यांनी आयोजकांना घालून द्यावा. माव्याचे निरीक्षण पोटरीपूर्वीच सुरू करावे, गरज पडल्यास त्या टप्प्यावर ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. ढालकिडे, क्रायसोपाच्या अळ्या व सिरफिड माशीच्या अळ्या दिसत असतील तर काही दिवस थांबणे हिताचे. मावा खाणारा ढालकिडा पाहुण्यांना दाखवला, तर चिकट पानांचे स्पष्टीकरण वेगळे द्यावे लागत नाही. कणसांवर पोपट व चिमण्या येतात, त्यांच्यासाठी माळा आणि गोफण पुरेशी आहे. शहरी पाहुण्यांना तीही आवडते.

कणसे खुडल्यावर उरलेली हिरवी ताटे गुरांना जातात. अवशेषांची वाट तेथून दूध, दही आणि त्याच महोत्सवातील ताकापर्यंत पोहोचते, हे आयोजकांच्या सहसा लक्षात येत नाही. ताटे कापल्यानंतर जमिनीत ओल असेल तर बुडख्यांना फुटवे येतात. या फुटव्यांवर खोडमाशीची पुढची पिढी पोसली जाते आणि त्यांत धुरिनही भरपूर असते. चरायला सोडलेल्या जनावरांना ‘किराळ’ लागण्याच्या घटना अशा शेतांत घडतात. शेवटची कणसे खुडताच त्या पट्ट्याची नांगरट करून धसकटे वेचून घ्यावीत, आणि तोपर्यंत जनावरे तेथे सोडू नयेत.