'वहाण' आणि 'अनवाणी' : एका शब्दाचा मागोवा

'उरणच्या मिठागरात कामगार अनवाणी उतरतात' असे वाक्य आपण सहज लिहितो. 'अनवाणी' या शब्दात पादत्राणाचेच एक जुने नाव दडलेले आहे, हे मात्र आपल्या लक्षात येत नाही. प्रस्तुत उपघटकात त्या नावाचा मागोवा घ्यावयाचा आहे.

संस्कृतमध्ये पादत्राणास 'उपानह्' म्हणत. पालीत त्याचे 'उपाहना' झाले. येथे 'न' आणि 'ह' यांनी परस्परांच्या जागा घेतल्या. या प्रक्रियेस वर्णविपर्यय म्हणतात. प्राकृतात दोन स्वरांमधील 'प'चा 'व' झाला, आरंभीचा 'उ' गळाला आणि 'वाहणा' हे रूप सिद्ध झाले. मराठीतील 'वहाण' ती हीच. 'उपानह्'ला 'अन्' हा नकारवाचक अंश जोडला की पायांत वहाण नसल्याचा अर्थ मिळतो. त्यातूनच 'अनवाणी' आले.

आज शहरातील दुकानात कोणी वहाण मागत नाही. चप्पल, बूट किंवा सँडल मागतो. खेड्यांत वडीलधाऱ्यांच्या तोंडी हा शब्द अजून ऐकू येतो, इतकेच. वस्तूचे नाव मागे पडले आणि वस्तूचा अभाव सांगणारा शब्द तेवढा सर्वांच्या बोलण्यात राहिला, ही मोठी विलक्षण गोष्ट आहे.

इंग्रजीतही असे घडले आहे. जुन्या फ्रेंचमधील 'पुढचे पाऊल' या अर्थाच्या शब्दावरून इंग्रजीत 'व्हॅम्प' आला. प्रारंभी तो पायमोज्याचा पाऊल झाकणारा भाग दाखवी. हा अर्थ बहुतांशी लुप्त झाला. पुढे बुटाच्या वरच्या बाजूच्या पुढील भागास व्हॅम्प म्हणू लागले. तो अर्थ आज मुख्यतः बूट बनवणाऱ्यांनाच ठाऊक असतो. जुन्या बुटाला नवा व्हॅम्प बसवणे म्हणजे 'रिव्हॅम्प'. कार्यालयात एखाद्या योजनेचे 'रिव्हॅम्प' करताना बुटाची आठवण कोणाला होते?

'व्हॅम्प' हे पादत्राणाच्या एका भागाचे नाव आहे. अशी नावे मराठीतही आहेत. कोल्हापुरी चपलेला 'कान' असतात : तळाच्या दोन्ही बाजूंना जोडलेल्या चामड्याच्या पाळ्या. पायावरचा 'पट्टा' त्यांना शिवतात. बोट अडकवायचा तो 'अंगठा', गुंफलेली चामड्याची पट्टी ती 'वेणी', आणि चामड्याची अरुंद दोरी ती 'वादी'. कान, अंगठा, वेणी ही नावे माणसाच्या देहावरूनच घेतलेली आहेत; कारागिराच्या भाषेतील लक्षणेचे हे सुंदर उदाहरण होय.

तथापि ही नावे पाठ्यपुस्तकात क्वचितच भेटतात. चामडे कमावणाऱ्या आणि वहाणा शिवणाऱ्या समाजांना शतकानुशतके लेखन-वाचनापासून दूर ठेवण्यात आले. त्यांची शब्दसंपत्तीही लिखित भाषेच्या उंबऱ्याबाहेर राहिली. यंत्रावर घडलेली रबरी चप्पल सर्वत्र आल्यावर हाताने शिवण्याचे काम घटले. 'उपानह्' ग्रंथांत होता म्हणून त्याचा इतिहास आपल्याला मांडता आला. केवळ बोलण्यात असलेला शब्द बोलणारा गेल्यावर कोठे शोधावयाचा?

उपक्रम : आपल्या गावातील पादत्राणे दुरुस्त करणाऱ्या ज्येष्ठ कारागिरास भेटा. चपलेच्या प्रत्येक भागाचे व हत्याराचे नाव त्याच्या उच्चाराप्रमाणे लिहून घ्या. त्यांपैकी कोणते शब्द आपल्याजवळील शब्दकोशात आढळत नाहीत, ते वेगळे नोंदवा.