उललेल्या हातांचा महिन्याचा खर्च

थंडी पडली की धुणीभांडी करणाऱ्या बायकांची, गवंड्यांची, बाजारात दिवसभर ओली भाजी हाताळणाऱ्यांची बोटं टोकाला उलतात. मग ‘हर्बल’ छापलेली नळी घरात येते. पन्नास ग्रॅमला अडीचशे ते चारशे रुपये, म्हणजे ग्रॅमला ५ ते ८ रुपये पडतात. पाकिटावर एमआरपीच्या शेजारी ग्रॅमचा दरही छापलेला असतो. आधी तो बघा, कोरफडीचं चित्र नंतर. (इथले सगळे भाव साधारण आहेत, गावागणिक थोडे इकडेतिकडे होतील.)

कोकणात या दुखण्यावर मुठेल लावतात. रातांब्याच्या बिया वाळवून, फोडून, कुटून पाण्यात उकळायच्या आणि गार झाल्यावर वर थिजलेला स्निग्ध थर काढून हाताने गोळे वळायचे. घरगुती गोळा मळकट पिवळसर आणि टणक असतो. शहरात मिळणारं पांढरंशुभ्र ‘कोकम बटर’ म्हणजे हेच, पण शुद्ध करून वास काढलेलं. भाव १०० ग्रॅमला दीडशे ते अडीचशे. घेताना गोळा तळहातावर जरा जोर देऊन घासा. हाताच्या उबेने कडा ओशट व्हायला हव्यात. मेणबत्तीसारखा कोरडाच सरकला तर दुकानदाराला परत द्या.

नुसतं मुठेल कडक असतं, रोज लावायला कंटाळा येतो. म्हणून ४० ग्रॅम मुठेल आणि ६० ग्रॅम तिळाचं तेल एका वाटीत घालून, वाटी गरम पाण्यात ठेवून वितळवा आणि रुंद तोंडाच्या डबीत ओता. थंडीत लोण्याइतपत घट्ट होतं. मुठेलाचे ८० आणि तेलाचे २५ धरले तर शंभर ग्रॅमला १०५ रुपये. रोज रात्री दोन्ही हातांना मिळून तीनेक ग्रॅम लागतं, म्हणजे डबी महिनाभर पुरते. तेल मात्र खायचं घ्या. पूजेचं म्हणून स्वस्तात मिळणारं तेल दिव्यापुरतंच. त्याच्या बाटलीवर खाण्यासाठी नाही असं बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं.

लावायची वेळ किमतीपेक्षा महत्त्वाची. हात धुऊन टिपले की ओल असतानाच चोळा, कारण तेल पाणी आणत नाही, असलेलं धरून ठेवतं. वर वीस-तीस रुपयांचे सुती हातमोजे घालून झोपा. खोल भेगेत मुठेल पातळ करून, कोमट झाल्यावर थेंब सोडा.

घरचं साजूक तूपही चालतं, फक्त वास राहतो. शतधौत घृताची छोटी डबी काहीशे रुपयांना पडते. घरी करायचं तर तूप तांब्याच्या ताटात पाण्याने शंभर वेळा फेसायचं. उललेल्या हातांनी हे कोण करणार? लिंबू-साखर तर लावूच नका, चिरेत झोंबतं आणि कातडी आणखी सोलते. पेट्रोलियम जेली झाडाची नाही म्हणून नाक मुरडू नका. खिशाला परवडते आणि ओल उत्तम धरते.

पण दिवसभर हात साबणात असतील तर रात्रीची डबी पुरी पडत नाही. भांड्यांसाठी रबरी हातमोजे घ्या, जोडी ८० ते १५० रुपये. कामवाल्या बाईंच्या जोडीचे पैसे घरमालकिणीने द्यावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. गवंड्यांनी तर मोज्यांशिवाय ओल्या सिमेंटला हात लावूच नये. ते इतकं क्षारीय असतं की कातडी भाजते, शिवाय त्यातल्या क्रोमियमची ॲलर्जी होते ती वेगळीच. त्यापुढे कुठलंच तेल टिकत नाही.

पू, खाजरे फोड, एकाच हाताला सुटलेली साल, किंवा दोन-तीन आठवड्यांत फरक नाही, यांपैकी काही असेल तर डबी बंद करून डॉक्टरांना दाखवा. नायटा किंवा गजकर्ण असेल तर तेलाने ते जाणार नाही. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर आणि तपासणी मोफत आहे. पाकिटावरच्या एमआरपीपेक्षा दुकानदाराने जास्त घेतले तर बिल जपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा.