मोटारीतील क्रूझ कंट्रोल : बिघाडाची परीक्षा व दुरुस्ती

अ‍ॅक्सिलरेटरवर पाय न ठेवता मोटार ठरावीक वेगाने चालती ठेवणाऱ्या यंत्रणेस क्रूझ कंट्रोल म्हणतात. पूर्वी ही सोय परदेशी व महागड्या गाड्यांतच असे. आता ती मध्यम किमतीच्या गाड्यांतही आढळते, आणि मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गासारखे रस्ते झाल्यापासून तिचा वापरही वाढला आहे. तिच्या दुरुस्तीविषयी मात्र माहिती थोडी व भीती अधिक, अशी स्थिती आहे.

या यंत्रणेचे जनक राल्फ टीटर हे अमेरिकन अभियंते लहानपणीच्या अपघातात दृष्टी गमावलेले होते. त्यांच्या वकिलाला गाडी चालवताना बोलण्याची सवय होती आणि बोलण्याच्या भरात गाडीचा वेग सारखा कमी-अधिक होई. त्या हिसक्यांना कंटाळून टीटर यांनी ही युक्ती शोधली असे सांगतात. त्यांना १९५० साली एकस्व मिळाले व १९५८ च्या क्रायस्लर इम्पीरियल गाडीत ती प्रथम बसविण्यात आली.

यंत्रणेचे तत्त्व सोपे आहे. चालकाने ठरविलेला वेग व प्रत्यक्ष वेग यांची सतत तुलना होते. वेग कमी पडल्यास इंधनाचा पुरवठा वाढतो, जास्त झाल्यास घटतो. जुन्या गाड्यांत हे काम हवेच्या पोकळीवर चालणारा पडदा व केबल करीत. नव्या गाड्यांत इंजिनाचा संगणकच ते सांभाळतो. ब्रेक अथवा क्लच दाबताच यंत्रणा सुटली पाहिजे, ही तिची पहिली अट होय. म्हणूनच सुटण्याच्या संदेशाविषयी जराही शंका आली, तर संगणक ती लागूच देत नाही. बहुतेक तक्रारींचे मूळ येथे असते.

तेव्हा प्रथम ब्रेकचे दिवे पाहावेत. एकाने पेडल दाबावे व दुसऱ्याने मागे उभे राहून दिवे लागतात आणि विझतात की नाही हे पाहावे. दिवे लागतच नसतील तर फ्यूज, बल्ब व ब्रेकचा स्विच या क्रमाने तपास करावा. जळालेल्या फ्यूजच्या जागी तितक्याच अँपिअरचा फ्यूज घालावा; तार गुंडाळून काम भागविण्याची आपल्याकडील सवय येथे सर्वथा वर्ज्य समजावी. याउलट दिवे सतत पेटलेले असतील, तर पेडलच्या वरच्या अंगास वाकून पाहावे. पाय नसताना पेडलचा दांडा स्विचची कांडी दाबून धरतो. पुष्कळ गाड्यांत त्या दांड्यातील छिद्रावर रबराची किंवा प्लॅस्टिकची छोटी टिकली असते. वर्षे लोटली की ती ठिसूळ होऊन गळते, कांडी छिद्रातून आरपार जाते आणि ब्रेक दाबलेलाच आहे अशी संगणकाची समजूत होते. पायाखाली टिकलीचे तुकडे सापडले म्हणजे निदान झाले. क्षुल्लक किमतीच्या या टिकलीपायी मोठे भाग बदलले गेल्याची उदाहरणे गॅरेजांत दुर्मिळ नाहीत.

दिवे नीट लागूनही यंत्रणा चालत नसेल, तरी स्विच निर्दोष ठरत नाही. त्याच्या आत बहुधा दोन संपर्क असतात. एक दिव्यांसाठी, दुसरा संगणकासाठी. दोन्ही मीटरने स्वतंत्रपणे तपासावेत. काही जुन्या गाड्यांत यंत्रणेचा मार्ग दिव्याच्या तंतूतून जातो. तेथे हौसेने एलईडी बसविताच क्रूझ कंट्रोल बंद पडते. हा बिघाड नव्हे, बदलाचा परिणाम होय. बहुतेक गाड्यांत ताशी सुमारे ४० किलोमीटरखाली यंत्रणा लागत नाही, हेही विसरू नये.

वेग दाखविणारा काटा थरथरत असेल किंवा एबीएसचा दिवा पेटला असेल, तर चाकाजवळील वेगसंवेदक चिखलाने माखला आहे का, त्याची तार तुटली आहे का हे पाहावे. स्टिअरिंगवरील बटणांसह हॉर्नही बंद असेल व एअरबॅगचा दिवा पेटला असेल, तर चाकामागील गुंडाळीची पट्टी तुटल्याचा संभव असतो. हे काम घरी करू नये. एअरबॅग अवेळी फुटल्यास गंभीर इजा होते.

संगणकास जोडावयाच्या यंत्रावर पी ०५७१ हा संकेत आल्यास ब्रेक स्विचच्या मंडलात, पी ०५०० आल्यास वेगसंवेदकाच्या मंडलात दोष आहे एवढाच त्याचा अर्थ. तो भागच बाद झाला असे संकेत सांगत नाही. तारा व जोडण्या आधी तपासाव्यात.

ब्रेकच्या तेलाशी संबंध येणाऱ्या स्विचची गळती हलक्याने घेऊ नये. अमेरिकेत फोर्ड कंपनीच्या अनेक गाड्यांत क्रूझ कंट्रोल सोडविणाऱ्या स्विचमध्ये तेल झिरपून, गाडी बंद करून उभी असतानाही आगी लागल्या. त्या स्विचला सदैव वीजपुरवठा चालू असे. या कारणास्तव १९९९ ते २००९ या काळात सुमारे १ कोटी ४० लक्ष गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलाविण्यात आल्या.

दुरुस्तीनंतरची चाचणी कोरड्या, सरळ व मोकळ्या रस्त्यावर घ्यावी. पावसात वा घाटात मुळीच नाही. वेग लावून ब्रेकला हलका स्पर्श करावा. यंत्रणा तत्काळ सुटली पाहिजे. नंतर क्लचने हीच परीक्षा करावी. दोहोंपैकी एकानेही ती सुटली नाही, तर मुख्य बटण बंद करावे आणि दोष सापडेपर्यंत ते पुन्हा लावू नये.